परसांतील पोहण्याचा हौद : त्याची निगा व जीर्णोद्धार

इचलकरंजीच्या मुलांस पोहणें वर्गांत बसवून कोणीं शिकविलें नाहीं. पंचगंगेच्या घाटावर, किंवा एखाद्या मळ्यांतील विहिरींत, पाठीला रिकामा डबा बांधून आणि काठावर उभ्या असलेल्या काकांच्या भरंवशावर, येथील मुलें पिढ्यान् पिढ्या पोहावयास शिकत आलीं. डबा सुटला कीं शिक्षण पुरें झालें असें समजत, व मग विहिरीच्या काठावरून मुटका मारण्याची पाळी येई. याच कोल्हापुराकडच्या पाण्याच्या आवडींतून वीरधवल खाडे याच्यासारखा जलतरणपटु निपजला. त्यानें २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्यें भाग घेतला आणि २०१० सालच्या आशियाई सामन्यांत ५० मीटर बटरफ्लाय शर्यतींत ब्राँझपदक मिळविलें. परंतु ती जुनी शाळा आतां हळूहळू बंद पडत चालली आहे. गांवोगांवचें सांडपाणी व कारखान्यांचें पाणी मिसळून नदी दूषित झाली. विहिरींवर पंप बसले, कित्येक विहिरी बुजल्या. त्यामुळें ज्यांस सामर्थ्य आहे असे कांहीं गृहस्थ आपल्या परसांतच लहानसा हौद बांधूं लागले आहेत.

हौद बांधणें हें फार तर दोन महिन्यांचें काम आहे. हौद राखणें हें मात्र रोजचें काम आहे. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें पुष्कळ हौद दोन-तीन वर्षांतच निकामी होतात, आणि निकामी हौद हा निकामी खोलीसारखा निरुपद्रवी नसतो. तो घातक असतो. म्हणून हौदाची निगा कशी ठेवावी आणि बिघडलेला हौद पुन्हां कसा नीट करावा, याचा थोडासा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत उदाहरणादाखल घेऊं. गांवाबाहेर, नदीपासून फार दूर नसलेल्या काळ्या रानांत त्यांचें घर आहे. घरामागें ८ मीटर लांब व ४ मीटर रुंद असा हौद बांधलेला होता; एका टोकास १ मीटर व दुसऱ्या टोकास अडीच मीटर खोल. पहिलीं दोन वर्षें मुलें आनंदानें पोहलीं. तिसऱ्या वर्षीं पाणी हिरवें झालें, म्हणून एका कंत्राटदाराच्या सल्ल्यानें भर पावसाळ्यांत हौद रिकामा करण्यांत आला. चार दिवसांनीं पाहतात तों खोल बाजूचा तळ मधोमध फुगून वर आलेला आणि त्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भेग पडलेली! पुढें कांहीं वर्षें तो हौद तसाच राहिला. पावसाचें पाणी त्यांत सांचे, डांसांच्या अळ्या होत, आणि शेजारचीं लहान मुलें त्या उघड्या काठावर खेळत. घरांतील आजोबांचें म्हणणें पडलें, “बुजवून टाका, विषाची परीक्षा कशाला?” नातवंडें म्हणूं लागलीं, “आजोबा, दुरुस्त करूं या कीं!” दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. त्यांतून निवाडा कसा झाला तें शेवटीं सांगूं. त्यापूर्वीं हौद म्हणजे काय तें नीट समजून घेतलें पाहिजे.

विहीर आणि हौद हीं वरवर पाहतां सारखींच दिसतात. परंतु विहिरीच्या पोटांत झरे असतात. सातारा जिल्ह्यांतील लिंब येथील बारा मोटांची प्रसिद्ध विहीर घ्या, किंवा आपल्या मळ्यांतील साधी विहीर घ्या; उपसलें कीं तिच्यांत नवें पाणी येतें. म्हणूनच आपण त्यांस जिवंत झरे म्हणतों. हौदाला झरा नाहीं. त्यांत जें पाणी एकदां भरलें तेंच महिनोन् महिने राहावयाचें, आणि त्यांतच माणसांचा घाम, धूळ, पाला व जंतु पडावयाचे. तेव्हां निसर्ग विहिरीसाठीं जें काम फुकट करतो, तें हौदासाठीं माणसाला स्वतः करावें लागतें. हौदाची निगा म्हणजे दुसरें कांहीं नव्हे. नसलेल्या झऱ्याची उणीव आपल्या हातांनीं भरून काढणें, एवढाच तिचा अर्थ आहे.

हें तत्त्व फार प्राचीन काळींहि ठाऊक होतें. सिंध प्रांतांतील मोहेंजोदडो येथें १९२५-२६ च्या सुमारास उत्खनन झालें, त्यांत एक मोठें स्नानकुंड सांपडलें. तें सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. त्याच्या विटा एकमेकींस अगदीं चिकटवून जिप्समच्या मसाल्यांत बसविल्या असून पाणी झिरपूं नये म्हणून डांबराचा थर दिलेला आहे. उतरण्यासाठीं दोन्ही टोकांस पायऱ्या, जवळच पाण्याची विहीर, आणि एका कोपऱ्यांत पाणी बाहेर सोडण्याची मोरी. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या गवंड्यांनीं जे प्रश्न सोडविले तेच आजहि आपल्यापुढें आहेत: पाणी धरून कसें ठेवावें, तें शुद्ध कसें ठेवावें, आणि माणसानें त्यांत सुखरूप उतरून सुखरूप बाहेर कसें यावें.

प्रथम पाणी धरण्याचा विचार करूं. हौदाची पातळी रोज थोडी थोडी उतरतेच. परंतु ती उन्हानें उतरते कीं गळतीनें, हें ओळखलें पाहिजे. याची एक सोपी परीक्षा आहे. हौदांतलेंच पाणी एका बादलींत भरून ती बादली हौदाच्या वरच्या पायरीवर, अर्धी पाण्यांत बुडेल अशी ठेवावी. बादलींतील पाण्याची रेघ आंतून व हौदाच्या पाण्याची रेघ बाहेरून बादलीवरच खुणेनें नोंदावी. चोवीस तासांनीं पाहावें. दोन्ही रेघा सारख्याच उतरल्या असल्या तर तें काम सूर्याचें समजावें; बाहेरची रेघ अधिक उतरली असेल तर हौद गळतो असें निश्चित समजावें. पहिल्या दिवशीं पंप बंद ठेवून व दुसऱ्या दिवशीं चालू ठेवून हीच परीक्षा केली असतां गळती भिंतींत आहे कीं नळांत, याचाहि अंदाज लागतो.

कडक उन्हाळ्यांत आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी दिवसास आठ-दहा मिलिमीटर उतरूं शकते. आपल्या उदाहरणांतील हौदाचें पृष्ठ ३२ चौरस मीटर आहे. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली कीं ३२० लिटर पाणी गेलें. एका लहान कुटुंबाची दिवसाची गरज तेवढ्यांत भागेल. इचलकरंजीसारख्या गांवीं, जेथें नळाला रोज पाणी येईलच असा भरंवसा नाहीं आणि उन्हाळ्यांत बायाबापड्यांस घागरी घेऊन वाट पाहावी लागते, तेथें गळका हौद ठेवणें हा केवळ खर्चाचा नव्हे तर नीतीचा प्रश्न होतो. हौदावर रात्रीं व दुपारीं आच्छादन घातलें तर वाफेनें जाणारें बरेंचसें पाणी वांचतें. गळती मात्र शोधून बंद करण्यावांचून गत्यंतर नाहीं.

गळती बंद करण्यासाठीं हौद रिकामा करावा लागतो, आणि येथेंच मोठी चूक होण्याचा संभव असतो. नाव पाण्यावर कां तरंगते हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्याच न्यायानें, भोंवतालची जमीन पाण्यानें भरलेली असतां रिकामा हौद जमिनीखालच्या पाण्यावर तरंगूं पाहतो. थोडा हिशेब करून पाहूं. हौदाच्या तळाचें काँक्रीट १५ सेंटिमीटर जाड असेल तर त्याचें वजन दर चौरस मीटरास सुमारें ३६० किलो भरतें. जमिनीतील पाणी तळाच्या बुडापासून अवघें ३६ सेंटिमीटर वर चढलें कीं तें तळास तितक्याच जोरानें वर लोटूं लागतें. हौद भरलेला असतां आंतील पाण्याचें ओझें हा जोर सहज दाबून ठेवतें. हौद रिकामा झाला कीं तें ओझें नाहींसें होतें, आणि तळ फुगतो किंवा फुटतो. पंचगंगेकांठच्या रानांत पावसाळ्यांत जमिनीतील पाणी किती वर येतें हें येथील कोणताहि शेतकरी सांगेल. आमच्या परिचितांच्या हौदाचें जें झालें तें याच कारणानें झालें. त्यांचा तळ वाईट बांधला होता असें नव्हे. तो अवेळीं रिकामा केला होता.

यांत काळ्या मातीचा स्वभावहि मिळतो. ही माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून तिला रुंद भेगा पडतात. त्यामुळें तिच्यांत बांधलेल्या भिंतींना वर्षांतून एकदां आंत रेटा बसतो व एकदां आधार सुटतो. म्हणून अशा जमिनींत हौदाच्या बुडाखालची व बाजूंची काळी माती काढून तेथें मुरूम ठासून भरावा, आणि पावसाचें पाणी हौदाच्या पायथ्याशीं मुरूं नये म्हणून भोंवतीं चर काढून तें दूर न्यावें. हौद रिकामा करावयाचा तो फेब्रुवारी-मार्चमध्यें, शेजारच्या विहिरीचें पाणी हौदाच्या बुडाच्या खालीं गेलें आहे कीं नाहीं तें पाहून, आणि सावकाश. काढलेलें पाणीहि गटारांत सोडूं नये. औषध घालणें थांबवून दोन-तीन दिवस ऊन लागूं दिलें, व क्लोरीन उरला नाहीं याची खात्री करून घेतली, म्हणजे तेंच पाणी नारळीच्या व इतर झाडांच्या आळ्यांत घालतां येतें.

रिकाम्या हौदाची तपासणी गवंड्याच्या हातोडीच्या दांड्यानें करावी. फरशीवर हलके ठोके मारीत गेलें असतां घट्ट बसलेली फरशी टणक आवाज देते व सुटलेली पोकळ बोलते. पोकळ बोलणारी प्रत्येक फरशी काढावी. ती आज ना उद्यां निघणारच असते, आणि तिची फुटकी कड पायांस कापते. भेगा दोन प्रकारच्या असतात. गिलाव्यावरील केंसासारख्या बारीक भेगा वरवरच्या असतात. त्या खरवडून नवा थर दिला कीं भागतें. परंतु जी भेग काँक्रीटमध्यें आरपार गेली आहे, किंवा जिच्या दोन कडा खालींवर झाल्या आहेत, ती केवळ सिमेंट फांसून झांकणें म्हणजे गळवावर पांढरें फडकें बांधण्यासारखें आहे. तेथील काँक्रीट फोडून काढावें, सळ्या गंजल्या असल्यास साफ कराव्यात किंवा नव्या जोडाव्यात, आणि तो भाग पुन्हां ओतावा.

तळ व भिंत जेथें मिळतात तो कोपरा सर्वांत नाजूक होय. तो काटकोनांत न ठेवतां मसाल्यानें गोलसर भरावा. त्यामुळें पाण्यास शिरावयास फट राहत नाहीं आणि झाडतांना कोपऱ्यांत घाणहि सांचत नाहीं. त्यानंतर जलरोधक लेपाचे दोन हात द्यावेत. पहिला उभा तर दुसरा आडवा, म्हणजे ब्रशाच्या ओघांत राहिलेलीं छिद्रें बुजतात. सिमेंटच्या कामास निदान सात दिवस पाणी मारावें. नंतर फरशी बसविण्यापूर्वींच हौद भरून आठवडाभर ठेवावा व पातळी पाहावी. पुष्कळ लोक घाईनें ही परीक्षा गाळतात आणि मग सुंदर फरशीखालीं गळती शोधीत बसतात. फरशांमधील सांधे साध्या पांढऱ्या सिमेंटनें न भरतां पाण्यांत टिकणाऱ्या चिकट मसाल्यानें भरावेत.

हौदाभोंवतालचा ओटा हा शोभेसाठीं आहे असें समजणें चुकीचें होय. हौदांत जाणारी निम्मी घाण या ओट्यावरून जाते, आणि पाय घसरण्याचे बहुतेक अपघात याच ओट्यावर होतात. त्याला हौदाकडे नव्हे, तर हौदापासून दूर असा उतार द्यावा. एका मीटरास एक ते दोन सेंटिमीटर उतार पुरेसा होतो. गुळगुळीत, चकाकणारी फरशी तेथें मुळींच नसावी. आपल्याकडे मिळणारी खडबडीत शहाबादी फरशी चांगली. ती ओली असतांना पाय धरते आणि झिजली तर बदलतां येते. ओटा आणि हौदाची कड यांत बोटभर रुंदीची फट ठेवून ती रबरासारख्या लवचीक लुकणानें भरावी. काळी माती फुगली म्हणजे ओटा हलतो. मधें फट नसेल तर तो सरळ हौदाच्या भिंतीस रेटा देतो. हें लुकण दर दोन-तीन वर्षांनीं तपासून बदलावें. कोणी हौसेनें सागवानी फळ्यांचा ओटा करतात. त्यांनीं फळ्यांमध्यें पांच-सहा मिलिमीटरांची फट ठेवावी, खालून वारा खेळता ठेवावा, खिळ्यांऐवजीं न गंजणारे स्क्रू वापरावेत, आणि दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं फळ्या घांसून तेल द्यावें. वाळवी व ओल या दोन शत्रूंपासून लांकूड राखावयाचें तर दुसरा उपाय नाहीं.

आतां पाण्याच्या शुद्धतेकडे वळूं. नितळ पाणी आणि शुद्ध पाणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें इचलकरंजीकरांस कोणीं सांगावयास नको. २०१२ सालच्या उन्हाळ्यांत या गांवांत काविळीची मोठी सांथ आली. पिण्याच्या पाण्यांत सांडपाण्याचा शिरकाव झाल्यानें हजारों लोक आजारी पडले व कित्येकांचे प्राण गेले. त्या काविळीचे विषाणु डोळ्यांस दिसणारे नव्हते. पोहतांना थोडें पाणी तोंडांत जातेंच. म्हणून हौदाचें पाणीहि त्याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे.

शुद्धीकरणाचीं अंगें दोन: गाळणें आणि जंतुनाश. गाळण्यासाठीं पंप हौदांतील पाणी ओढून वाळूच्या बंद टांकीतून सोडतो व पुन्हां हौदांत आणतो. हौदांत ४०,००० लिटर पाणी असून पंप तासास ५,००० लिटर ओढीत असेल तर आठ तासांत एक फेरा पुरा होतो. परंतु एका फेऱ्यांत सगळें पाणी गाळलें गेलें असें मात्र समजूं नये. गाळलेलें पाणी न गाळलेल्यांत मिसळत असल्यामुळें पहिल्या फेऱ्यानंतर शंभरांतील सुमारें ३७ भाग तसेच राहतात, दुसऱ्यानंतर १४, आणि तिसऱ्यानंतर ५. म्हणून पंप एक दिवस चालवून चार दिवस बंद ठेवणें व्यर्थ आहे. तो रोज चालला पाहिजे. वाळूंत घाण सांचली कीं टांकीवरील दाबाचा कांटा चढतो. तो नेहमींपेक्षां अर्ध्या किलोनें चढला म्हणजे पाणी उलट दिशेनें सोडून वाळू धुवावी. पांच ते सात वर्षांनीं वाळूच बदलावी. पाणी फारच गढूळ झालें असतां रात्रीं पंप बंद करून थोडी तुरटी फिरवावी, म्हणजे गाळ तळाशीं बसतो. सकाळीं तो नळीनें ओढून बाहेर टाकावा. आपल्या आज्या गढूळ पाण्याच्या घागरींत तुरटी फिरवीत, तीच ही युक्ति.

जंतुनाशासाठीं क्लोरीन वापरतात, आणि या पदार्थाचा आपल्या गांवाशीं जुना संबंध आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आणला व तेव्हांपासून कापड हेंच गांवाचें जीवन झालें. कापड पांढरें करण्यासाठीं जें द्रव्य वापरीत तेंच पुढें पाण्याच्या कामीं आलें. १७९९ सालीं ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यानें कापड विरंजनासाठीं ब्लीचिंग पावडर शोधून काढली. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें सेमेलवाइस या डॉक्टरनें क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लावून बाळंतिणींचे प्राण वांचविले. आणि १९०८ सालीं अमेरिकेंतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यांत असेंच द्रव्य नित्य घालण्यास प्रारंभ झाला. अशा रीतीनें विणकराच्या घरचें द्रव्य वैद्याच्या घरीं गेलें.

हौदाच्या पाण्यांत दर लिटरास १ ते ३ मिलिग्राम मोकळा क्लोरीन सतत असावा. ४०,००० लिटरांस १ मिलिग्रामप्रमाणें ४० ग्राम क्लोरीन लागतो. ताज्या ब्लीचिंग पावडरींत सुमारें एक तृतीयांश क्लोरीन असतो, म्हणून अशी पावडर १२० ग्राम घ्यावी लागते. जुनी, ओलसर पावडर कस गमावते. ती बादलीभर पाण्यांत कालवून, चुना खालीं बसूं देऊन, वरची निवळी तेवढी हौदांत ओतावी. हें काम संध्याकाळीं करावें, कारण ऊन क्लोरीन खाऊन टाकतें. दोन गोष्टी मात्र कधींहि विसरूं नयेत: पावडर पाण्यांत घालावी, पावडरीवर पाणी ओतूं नये, आणि पावडर व आम्ल यांचा एकमेकांस स्पर्शहि होऊं देऊं नये, कारण त्यांच्या संयोगानें प्राणघातक वायु निघतो.

क्लोरीनचा गुण पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असतो. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. ७.५ वर क्लोरीनचा सुमारें निम्मा भाग जोरदार रूपांत असतो. पीएच ८ झाला कीं तो पाव किंवा त्याहूनहि कमी राहतो. म्हणजे पावडर तितकीच घालूनहि जंतु मरत नाहींत! बाजारांत थेंबांची लहानशी पेटी मिळते. तिनें रंग पाहून दोन्ही गोष्टी दोन मिनिटांत समजतात. एका गैरसमजाचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. हौदास औषधाचा उग्र वास येऊं लागला व डोळे चुरचुरूं लागले कीं लोक म्हणतात, क्लोरीन फार झाला. बहुधा सत्य याच्या उलट असतें. घाम व मूत्र यांच्याशीं क्लोरीन संयोग पावून जीं संयुगें होतात त्यांचा तो वास असतो. मोकळा क्लोरीन कमी पडल्याचें तें लक्षण होय. म्हणून हौदांत उतरण्यापूर्वीं साबणानें स्नान करणें ही केवळ रीत नसून औषधाची बचतहि आहे.

२०१९ व २०२१ सालीं पंचगंगेला आला तसा महापूर येऊन हौदांत पुराचें पाणी शिरलें, तर घाबरून हौद रिकामा करूं नये; तो भरलेलाच ठेवावा. गाळ ओढून काढावा, लिटरास १० मिलिग्रामप्रमाणें क्लोरीन द्यावा, वाळू धुवावी, आणि पाणी तळ दिसण्याइतकें स्वच्छ होऊन क्लोरीन ३ मिलिग्रामांवर येईपर्यंत कोणासहि आंत उतरूं देऊं नये. पुराचें पाणी ज्या विजेच्या जोडणीस लागलें ती जाणत्या माणसानें तपासल्यावांचून चालू करूं नये. जो हौद कांहीं काळ वापरावयाचा नाहीं व ज्यांत औषध घालावयाचें नाहीं, त्यांत गप्पी मासे सोडावेत. ते डांसांच्या अळ्या खातात. डांसाच्या अंड्यापासून उडता डांस व्हावयास उन्हाळ्याच्या दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून ‘पुढच्या महिन्यांत पाहूं’ असें म्हणणें म्हणजे डेंग्यूस आमंत्रण देणें होय.

शेवटची व सर्वांत महत्त्वाची गोष्ट रक्षणाची. बुडणारें मूल ओरडतें, हात हालवितें, अशी आपली समजूत असते. वास्तविक लहान मूल बहुधा आवाज न करतां बुडतें, आणि तें एक-दोन मिनिटांचें काम असतें. गुडघाभर पाणीहि त्यास पुरतें. म्हणून हौदाच्या चारहि बाजूंस निदान १.२ मीटर उंचीचें कुंपण असावें, त्यास पाय देऊन चढतां येतील अशा आडव्या पट्ट्या नसाव्यात, आणि दार आपोआप लागणारें असावें. तळांतील पाणी ओढण्याचीं तोंडें दोन असून दोहोंवर मजबूत जाळी असावी. एकच तोंड असलें तर त्याच्या ओढीनें केंस किंवा हात अडकून माणूस खालींच राहतो. दिवे कमी दाबाच्या विजेवर चालणारे असावेत, आणि पंपाच्या जोडणीस विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारें उपकरण असलेंच पाहिजे. दोर, लांब काठी व हवेनें भरलेलें कडें काठावर सदैव टांगलेलें असावें. आणि इतकें सगळें असूनहि, मोठें माणूस काठावर नसतां लहान मूल पाण्यांत असूं नये. पूर्वीं विहिरीच्या काठावर काका उभे असत. त्यांची जागा कोणतेंहि यंत्र घेऊं शकत नाहीं.

आतां आमच्या परिचितांच्या घरच्या वादाचा निकाल सांगतों. हौद बुजविला नाहीं, पण तो होता तसाहि ठेवला नाहीं. मार्च महिन्यांत सांचलेलें पाणी काढून फुगलेला तळ फोडला, नव्या सळ्या घालून तो पुन्हां ओतला, आणि खोल टोक काँक्रीटनें भरून वर घेतलें. पूर्वीं १ पासून अडीच मीटरांपर्यंत खोल असलेला हौद आतां १ पासून दीड मीटरांपर्यंतच खोल आहे. त्यामुळें ५६,००० लिटरांऐवजीं ४०,००० लिटर पाणी पुरतें, तळ जड झाल्यानें तो पुन्हां फुगण्याची भीति कमी झाली, आणि मोठ्या मुलांचे पाय तळास टेकूं लागले. भोंवतीं दीड मीटर उंचीचें कुंपण घातलें. कुंपणाच्या दाराची किल्ली आजोबांकडे असते. रोज सकाळीं ते थेंबांनीं पाणी पाहतात आणि तारीख, पीएच, क्लोरीन, पातळी अशा चार गोष्टी वहींत लिहितात. या कामास वीस मिनिटें लागतात. ज्या दिवशीं वहींत नोंद नाहीं त्या दिवशीं दार उघडत नाहीं, असा त्यांचा नियम आहे. आणि ज्यांनीं हौद बुजविण्याचा आग्रह धरला होता तेच आतां त्याचे सर्वांत दक्ष राखणदार झाले आहेत.

ज्यास एवढीं वीस मिनिटें रोज देतां येत नाहींत, त्यानें हौद खुशाल बुजवावा. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु ज्यास तीं देतां येतात त्यानें शेजारच्या दोन-चार मुलांसहि डबा बांधून पाण्यांत उतरवावें. नदी पुन्हां निर्मळ होईपर्यंत आपल्या गांवच्या मुलांस पोहतां येत राहिलें पाहिजे, आणि नदी निर्मळ करण्याचें काम तर आपणां सर्वांचें आहेच. माग बंद ठेवला तर गंजतो, पाणी बंद ठेवलें तर कुजतें. दोहोंसहि रोजचा हात लागतो, हें यंत्रमागांच्या या गांवांत अधिक सांगण्याची आवश्यकता नाहीं.